बार्शी लाईटचें एंजिन आणि आमचा भातुकलीचा इतिहास

बार्शी लाईट हें नांव निघालें कीं आमच्या सुशिक्षित मंडळींच्या चेहऱ्यावर एक ठरीव हंसूं उमटतें. घरांतील बोबडें मूल पाहुण्यांपुढें कांहीं बोललें म्हणजे वडील माणसें ज्या कौतुकानें हंसतात, त्याच जातीचें हें हंसूं आहे. मग ठरलेल्या गोष्टी सुरू होतात. कोणी उतारू चालत्या गाडींतून उतरून चिंचा वेंचून पुन्हां आपल्या डब्यांत येऊन बसला. गार्डानें एका म्हातारीस गाडींत बसण्याचा आग्रह केला तेव्हां ती म्हणाली, ‘नको बाबा, आज जरा घाई आहे, चालतच जातें.’ दिवाळी अंकांतून असे लेख वर्षानुवर्षें येत आहेत. शेवटीं ‘गेले ते दिवस’ असा उसासा टाकला कीं लेखक मोकळा होतो आणि वाचकहि तृप्त होतो. असले लेख आम्हीहि वाचतों, आणि खोटें कां बोला, हंसतोंहि. आमच्या लहानपणीं आजीच्या पदराला धरून आम्ही याच गाडीनें पंढरपुरास गेलों होतों, आणि डोळ्यांत गेलेल्या कोळशाच्या कणाची आठवण आम्हांलाहि गोड वाटते. परंतु आमची तक्रार अशी आहे कीं, या गोड आठवणींनीं इतिहासाची जागा बळकावली आहे. ज्या यंत्रानें सव्वाशें वर्षांपूर्वीं हलक्या रेल्वेच्या शास्त्राला एक नवा धडा घालून दिला, तें मराठी लेखनांत भातुकलीचें खेळणें होऊन बसलें आहे. आणि एकदां खेळणें म्हटलें, म्हणजे त्या एंजिनांतील बुद्धि आणि त्याच्या पाठीमागचा अन्याय या दोन्ही गोष्टी एकदम झांकल्या जातात.

या गैरसमजाला माथेरानची गाडी थोडीशी कारण झाली आहे. ती दोन फुटी गाडी पीरभाई कुटुंबाच्या पैशानें झाली, १९०७ मध्यें सुरू झाली, आणि ती हवा खावयास जाणाऱ्या लोकांसाठीं होती. तिला कोणी खेळण्यांतली गाडी म्हटलें तर आम्ही फारसे भांडणार नाहीं. जरी तिच्या जर्मन एंजिनांतील आंस वळणाबरोबर आपोआप वळावे म्हणून केलेली योजना खेळण्याच्या कारागिराला साधणारी नव्हती. परंतु आमच्या लेखकांनीं माथेरान आणि बार्शी एकाच पिशवींत घातलीं. एकीकडे सुटींतले पारशी आणि गुजराती शेठ, दुसरीकडे कापसाच्या गांठी, भुईमुगाचीं पोतीं आणि आषाढीचा वारकरी. गाडी लहान एवढ्यावरून दोहोंना एक नांव देणें म्हणजे तट्टू आणि गाढव सारख्याच उंचीचीं म्हणून दोघांना एकच खोगीर चढविण्यासारखें आहे.

ही रेल्वे काय होती तें आधीं सांगितलें पाहिजे. जी. आय. पी. रेल्वेच्या मुंबई-रायचूर रस्त्यावर बार्शी रोड नांवाचें एक स्टेशन होतें. तेंच आजचें कुर्डुवाडी. तेथून बार्शीची पेठ वीस-बावीस मैल आंत. पेठेंतील माल बैलगाड्यांतून या स्टेशनावर येई आणि पावसाळ्यांत काळ्या मातींत गाड्या रुतल्या म्हणजे येत नसे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाचा एक इंग्रज इंजिनीअर १८८२ सालीं जी. आय. पी. च्या नोकरींत एंजिनांचा तपासनीस म्हणून हिंदुस्थानांत आला होता. मोठ्या रेल्वेला आंतल्या पेठा जोडणाऱ्या स्वस्त उपरस्त्यांचा त्यास ध्यास लागला. १८९५ सालीं लंडनमध्यें बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ सालीं पहिली गाडी बार्शीस आली. पुढें १९०६ मध्यें पंढरपूर, १९११ मध्यें निजामच्या हद्दींतलें लातूर आणि १९२७ मध्यें मिरज असा तिचा विस्तार होत होत एकूण लांबी दोनशें मैलांवर गेली.

रूळ अडीच फूट रुंदीचे होते हें प्रत्येक लेखकास ठाऊक असतें, आणि बहुतेकांचें ज्ञान येथेंच संपतें. वास्तविक रुंदी ही यांतील मुख्य गोष्ट नव्हेच. मुख्य आंकडा आहे पांच टन.

रुळावरून धांवणाऱ्या वाहनाचें वजन त्याच्या आंसांवर विभागलेलें असतें. एका आंसावर किती भार पडतो यावरून रूळ किती जाड हवेत, पूल किती मजबूत हवेत, आणि म्हणून मैलामागें किती रुपये ओतावे लागतील, हें सर्व ठरतें. कॅलथ्रॉपच्या आधींच्या लहान रेल्वेंत साधारणतः एंजिन जड आणि डबे हलके असा प्रकार असे. एंजिनासाठीं म्हणून जाड रूळ घालावयाचे आणि त्यावरून हलके डबे न्यावयाचे. खर्च एंजिनाच्या मानानें आणि उत्पन्न डब्यांच्या मानानें, असा तो उफराटा संसार होता. कॅलथ्रॉपनें नियम केला तो असा: एंजिन असो, मालडबा असो, उतारूंचा डबा असो, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडतां कामा नये, आणि भरलेला मालडबा त्या मर्यादेपर्यंत खरोखर पोंचला पाहिजे. या एका नियमासरशीं वाराला अवघे ३० पौंड वजनाचे रूळ पुरे झाले. चार आंसांचा डबा भरला म्हणजे त्याचें वजन वीस टनांपर्यंत जाऊं शके. म्हणजे ज्या रुळासाठीं एंजिनानें पैसे खर्च करविले, त्याच रुळाचें मोल डबा पुरतेपणीं वसूल करूं लागला.

आतां यांतून एंजिनापुढें पेंच उभा राहिला. एंजिनाची ओढ जितकी वाफेच्या जोरावर तितकीच चाकांच्या पकडीवर अवलंबून असते, आणि पकड येते वजनानें. वजन तोकडें असेल तर कितीहि वाफ सोडा, चाकें जागच्या जागीं गरगर फिरतात आणि गाडी हलत नाहीं. तेव्हां हलक्या रुळावर भारी गाडी ओढावयाची कशी? लीड्स येथील किटसन कंपनीनें बांधलेल्या पहिल्या एंजिनांत याचें उत्तर होतें. दांड्यांनीं एकमेकांस जोडलेले चार आंस, म्हणजे आठ चाकें, ओढीच्या कामास लावलीं आणि पाठीमागें चार लहान चाकांची एक फिरती बैठक दिली. चार आंसांवर पांच पांच टन म्हणजे वीस टनांची पकड मिळाली, आणि तरीहि एकाहि ठिकाणीं रुळावर पांच टनांहून अधिक दाब नाहीं. हें वाचून ज्यांस कांहीं नवें वाटत असेल त्यांनीं आपल्याच देशावरच्या शेतकऱ्याकडे जावें. काळ्या रानांत खोल नांगर घालावयाचा असला म्हणजे तो एका आडदांड बैलाच्या शोधांत फिरत नाहीं. चार जोड्या एकापुढें एक जुंपतो. लीड्सच्या कारखान्यानें लोखंडाचा आठबैली नांगर केला, एवढेंच. आमच्या महाविद्यालयांतून यंत्रशास्त्र शिकविणाऱ्या विद्वानांना हें उदाहरण घरच्या अंगणांत सांपडलें असतें, पण त्यांचीं पुस्तकें परदेशांतून येतात आणि उदाहरणेंहि त्यांबरोबरच येतात.

या खेळण्याकडे खुद्द इंग्लंडनें कसें पाहिलें तेंहि ऐकण्यासारखें आहे. बार्शीसाठीं केलेलें सामान जहाजावर चढण्यापूर्वीं लीड्सजवळ न्यूले येथें मुद्दाम रूळ घालून त्यावर चालवून दाखविण्यांत आलें. म्हणजे बार्शीचें एंजिन बार्शीकरांच्या आधीं यॉर्कशायरच्या लोकांनीं पाहिलें! आणि तेथेंच गोष्ट संपली नाहीं. १९०४ सालीं स्टॅफर्डशायर परगण्यांत लीक आणि मॅनिफोल्ड या नांवाची एक हलकी रेल्वे सुरू झाली, ती याच कॅलथ्रॉपच्या देखरेखीखालीं, याच अडीच फुटी रुंदीवर आणि बार्शीच्याच धर्तीवर. तिचीं दोन एंजिनेंहि किटसनचीं. त्यांच्या कपाळावर हिंदुस्थानांतल्या रात्रींसाठीं शोभावे असे भले मोठे दिवे होते. राज्यकर्त्यांच्या देशानें जित देशांतला नमुना उचलावा असे प्रसंग त्या काळीं बोटांवर मोजण्याइतके. ती इंग्रजी रेल्वे पुरतीं तीस वर्षें देखील चालली नाहीं. १९३४ मध्यें ती मोडली. त्या वर्षीं बार्शी लाईट मिरजेपासून लातुरापर्यंत आपल्या पूर्ण लांबीवर धांवत होती, आणि त्यानंतरहि ती सत्तरांहून अधिक वर्षें धांवली.

येथवर वाचून कॅलथ्रॉपभक्तांना आनंद झाला असेल. त्यांचाहि एक लहानसा पंथ आपल्याकडे आहे, आणि त्यांचें लेखन आम्ही भातुकलीवाल्यांपेक्षां अधिक धोक्याचें समजतों. या मंडळींना एव्हरार्ड कॅलथ्रॉप म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या उद्धारासाठीं अवतरलेला पुण्यपुरुष वाटतो. गृहस्थ विलक्षण होता यांत संशय नाहीं. त्यानें अरबी घोडे पाळले, घोड्यांवर पुस्तक लिहिलें, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळांत वैमानिकांचे प्राण वांचविणारी हवाई छत्री करून तिचें नांव ‘रक्षक देवदूत’ असें ठेवलें. १९२७ सालीं, म्हणजे बार्शी लाईट मिरजेस पोंचली त्याच वर्षीं, तो वारला. असें चरित्र कोणालाहि लिहावेंसें वाटेल. पण चरित्र म्हणजे इतिहास नव्हे. कंपनी लंडनची, भांडवल लंडनचें, एंजिनें लीड्सचीं. आमचें काय होतें? जमीन, माल आणि घाम.

कोणी म्हणेल, त्या काळीं हिंदुस्थानांत एंजिन बांधण्याची अक्कलच कोणाला होती? या प्रश्नाचें उत्तर दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत उभें आहे. बार्शीस गाडी येण्याच्या दोन वर्षें आधीं, १८९५ सालीं, अजमेरच्या रेल्वे कारखान्यांत मीटर गेजचें एक एंजिन बांधलें गेलें. अक्कल होती, हात होते, भट्ट्या होत्या. नव्हती ती परवानगी. किंवा खरें बोलावयाचें तर, विलायतेंतल्या कारखानदारांचें गिऱ्हाईक तोडण्याची सरकारची इच्छा नव्हती. १९२१ मध्यें जमशेदपूरजवळ पेनिन्शुलर लोकोमोटिव्ह कंपनी निघाली. सरकार एंजिनें घेईल या भरंवशावर तिनें कारखाना उभारला, सरकारनें मागणी केली नाहीं, आणि एकहि एंजिन न बांधतां १९२४ मध्यें ती बुडाली. जी. आय. पी. सारखी बलाढ्य रेल्वे १९२५ मध्यें सरकारच्या ताब्यांत आली, तरी बार्शी लाईट लंडनच्या कंपनीच्याच हातीं राहिली. ती सरकारनें घेतली १ जानेवारी १९५४ ला, स्वराज्याला सहा वर्षें उलटल्यावर. चित्तरंजनच्या कारखान्यांतून पहिलें एंजिन १९५० मध्यें बाहेर पडलें तेव्हां किटसनच्या आठ चाकांना बार्शीच्या रुळावर पहिल्यानें चढून त्रेपन्न वर्षें झालीं होतीं. या त्रेपन्न वर्षांत कुर्डुवाडीचा फिटर एंजिनें दुरुस्त करीत होता, सोडवीत होता, जोडीत होता. नवें मात्र त्याच्या हातून एकहि होऊं दिलें गेलें नाहीं. पुण्यपुरुषाच्या चरित्रांत या गोष्टीला स्थान नसतें.

आणि आतां आम्हांस सर्वांत अधिक बोंचणारी गोष्ट. अडीच फुटी रूळ कुर्डुवाडीस साडेपांच फुटी रुळाला भेटत, म्हणजे मालाचा डबा एका रुळावरून दुसऱ्यावर जाऊं शकत नसे. प्रत्येक गांठ आणि प्रत्येक पोतें एका डब्यांतून काढून दुसऱ्यांत भरावें लागे. हलक्या रेल्वेचे पुरस्कर्ते म्हणत कीं या अदलाबदलीचा खर्च किरकोळ आहे. आंकड्यांत तो किरकोळ असेलहि. पण तो किरकोळ कां होता? स्टॅफर्डशायरच्या त्या रेल्वेवर याच कॅलथ्रॉपनें अशी युक्ति केली होती कीं, मोठ्या रुळाचा अख्खा डबा मालासकट लहान रुळावरच्या एका ठेंगण्या गाड्यावर चढवावा आणि मुक्कामास न्यावा. दुधाचीं आणि कोळशाचीं ओझीं मध्येंच उतरवावीं लागूं नयेत. कुर्डुवाडीस ही युक्ति लागली नाहीं. आमचे मोठे डबे इंग्लंडच्या डब्यांहून रुंद आणि भारी, ही यंत्राची अडचण आम्ही मान्य करतों. परंतु दुसरी कांहीं तोड शोधण्याची निकडहि कोणाला भासली नाहीं, कारण इंग्लंडांत मजुराची पाठ महाग होती आणि येथें स्वस्त. पांच टनांचा नियम रुळाचें रक्षण करण्यासाठीं होता. हमालाच्या मणक्यावर किती भार पडावा याचा नियम मात्र कोणत्याहि कंपनीच्या पुस्तकांत लिहिलेला नव्हता. हीच गोष्ट वारकऱ्यांची. जत्रांच्या दिवसांत उतारूंचे डबे अपुरे पडले कीं मालडब्यांत माणसें भरण्याची पद्धत हिंदुस्थानांतल्या रेल्वेंतून सर्रास होती, आणि पंढरीची वाट तिला अपवाद नव्हती. आमची आजी या प्रवासाला ‘विठोबाची परीक्षा’ म्हणे. तिकिटाचे पैसे घेणाऱ्या कंपनीची ती परीक्षा असूं शकते, हें तिच्या मनांत कधीं आलें नाहीं.

याच्या उलट टोंकाला उभे राहून, जें विलायती तें सर्व लुटीचें, म्हणून त्या एंजिनाकडे पाहूंहि नये असें म्हणणारेहि आहेत. त्यांच्याशीं आम्ही थोडक्यांत आटोपतों. लातूरची आणि बार्शीची पेठ या गाडीनें वाढली, काळ्या मातींत अडकलेला शेतकऱ्याचा माल बाजारांत पोंचला, हें सत्य आहे. आणि ज्या यंत्राचा पैसा आमच्या घामांतून गेला त्या यंत्राची अक्कल तरी आम्हीं आपलीशी करून घ्यावयास नको काय?

तीच आम्हीं केली नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं कुर्डुवाडीस आम्हांस एक वृद्ध फिटर भेटले. वाफेच्या एंजिनांवर त्यांची उमर गेलेली. आम्हीं आपले पुस्तकी प्रश्न विचारले, त्यांनीं ते ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, एंजिन रुळावरून उतरलं की साहेब लोक आधी ड्रायव्हरला धारेवर धरायचे. आम्ही आधी कमानी बघायचो. एक कमान बसली की तिच्या चाकावरचा भार कमी होतो आणि तो शेजारच्या आखावर जातो. हलकं झालेलं चाक वळणावर रुळावर चढायला बघतं. मग ड्रायव्हर काय करील?” एवढें बोलून त्यांनीं खडूनें फरशीवर चार आंस काढले, प्रत्येकावर कमानींचे पट्टे काढले, आणि कोणती कमान किती बसली म्हणजे भार कोठें सरकतो हें पंधरा मिनिटांत दाखविलें. कॅलथ्रॉपनें कागदावर मांडलेला पांच टनांचा नियम रोज सकाळीं शाबूत ठेवण्याचें काम ज्यांनीं केलें ते हे लोक. आगवाल्यानें कोळसा कोठें पातळ आणि कोठें जाड पसरावा, दुष्काळी गांवांतलें खारें पाणी बॉयलरला कसें मानवतें, चढावर वाळू केव्हां सोडावी, हें सर्व शास्त्र या लोकांच्या हातांत होतें. तें आमच्या भाषेंत कोणीं लिहून घेतलें? इंग्लंडांतील हौशी लोक सात समुद्र ओलांडून येथें आले, एंजिनांचे नंबर, बांधणीचीं सालें, चाकांचे व्यास टिपून घेऊन गेले. आम्ही त्या वेळीं चिंचा वेंचणाऱ्या उतारूची गोष्ट चौथ्यांदा लिहीत होतों. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अडीच फुटी रूळ उखडून तेथें मोठे रूळ आले, आणि २०११ पर्यंत मिरजेपर्यंतचें कामहि पुरें झालें. तें व्हावयासच हवें होतें. त्याबद्दल आम्ही एक अश्रूहि ढाळणार नाहीं. पण रूळ बदलले म्हणजे माणसें थांबत नाहींत. ज्यांच्या हातीं हें ज्ञान होतें त्यांच्यांतले आतां थोडेच उरले आहेत, आणि फरशीवरचा खडू पुसायला एक फडकें पुरतें.

एका शहरांत, ज्याचें नांव आम्ही घेत नाहीं, बागेच्या दाराशीं या जातीचें एक लहान एंजिन चौथऱ्यावर मांडलें आहे. त्याला लाल, पिवळा आणि निळा असे तीन रंग दिले आहेत, धुराड्यावर एक हंसरा चेहरा काढला आहे, आणि खालच्या फलकावर ‘मुलांची लाडकी झुकझुकगाडी’ अशीं अक्षरें आहेत. आम्हीं व्यवस्थापकांस एक पत्र लिहिलें आणि सोबत फलकाचा मजकूर पाठविला. त्यांत अलंकार नव्हते. हें एंजिन अडीच फुटी रुळाचें आहे. हें ज्या रस्त्याचें, त्यावर कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं न देण्याचा नियम होता. त्यामुळें काळ्या मातीच्या मुलखांत हलक्या रुळावरून कापूस, धान्य आणि वारकरी जाऊं शकले. कुर्डुवाडीस हा सर्व माल हमालांच्या पाठीवरून मोठ्या गाडींत चढे. आणि हीं एंजिनें कुर्डुवाडीच्या कामगारांनीं चालतीं ठेवलीं. अवघीं पांच वाक्यें. उत्तर नम्र आलें. मजकूर चांगला आहे, परंतु बागेंत येणारे लोक इतकें वाचीत नाहींत, असें त्यांत लिहिलें होतें. आम्हीं उलट टपालानें विचारलें कीं, वाचीत नाहींत हें आपण कशावरून ठरविलें? तेथें आजवर वाचण्यासारखें कांहीं लावलें होतें काय? त्या पत्राचें उत्तर अद्याप यावयाचें आहे. गेल्या महिन्यांत आम्ही त्या बाजूनें गेलों, तेव्हां चेहऱ्याला नवा रंग दिलेला दिसला, आणि तिसऱ्या आंसावरची कमान बसलेली होती.